उबेला ठेवलेला ढब्बू

बेकरीवाल्याला जगात एकच औषध ठाऊक होतं, ऊब. पीठ फुगत नाही? उबेला ठेवा. बायको शिंकली? भट्टीपाशी बसवा. त्यामुळे सावत्र लेकीचा ढब्बू मलूल दिसला, तेव्हा या शहाण्यानं धापा टाकत काचेची टाकी उचलली, भट्टीच्या भिंतीला टेकवली आणि स्वतःवर खूश होऊन पाव भाजायला लागला.

ढब्बू म्हणजे ॲक्सोलॉटल. जन्मभर पाण्यात राहणारा, पालीसारखा पण गुलाबी आणि गुबगुबीत, मानेशी पिसांसारखे लाल कल्ले मिरवणारा. लेक शाळेच्या सहलीला जाताना बजावून गेली होती, "फक्त खायला घाला. बाकी कशाला हात लावू नका." तिची आई या घरात आल्यापासून पोरीनं त्याच्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गांडूळ घेऊन टाकीपाशी गेला, तर ढब्बूचा अवतारच पालटला होता. कल्ले पुढे वळले होते, त्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी धरलं होतं. शेपटीचं टोक मुडपलेलं, पोटावर लाल चट्टे. गांडूळ नाकाशी नेलं तरी ढब्बू हलेना.

त्यानं लगेच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"पाणी कसंय?" सगळी लक्षणं ऐकून बाईंनी विचारलं.

त्यानं हात बुडवला. "छान उबदार आहे की!"

"छान? अहो, शिजवताय त्याला! गारव्यातला प्राणी तो. पांढरं दिसतंय ती बुरशी. वेगळ्या टबात स्वच्छ पाण्यात हलवा आणि हळूहळू गार करा. एकदम बर्फ ओतलात तर धक्क्यानंच जाईल. संध्याकाळी घेऊन या."

त्यानं ढब्बूला टबात सोडलं, टबाला बाहेरून गार बाटल्या लावल्या, दर थोड्या वेळानं पाण्यात बोट घालून पाहिलं. भट्टीतले पाव करपले, वास दुकानभर पसरला, तरी तो उठला नाही. हा मेला तर पोर आपल्याकडे पुन्हा बघणारसुद्धा नाही, एवढीच धास्ती त्याला लागली होती.

तेवढ्यात सहलीहून परतलेली लेक दारात. पाठीवरची पिशवीही उतरवली नव्हती.

"काय झालं त्याला?"

आपोआपच झालं, हे खोटं अगदी ओठांवर आलं होतं.

"मी केलं," तो म्हणाला. "गारठला असेल वाटलं, म्हणून भट्टीपाशी ठेवला."

ती टबाशी बसली. कल्ले पाहिले, पोट पाहिलं, शेपटी पाहिली. तिनं आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"जगेल का गं?"

"माहीत नाही. कल्ले हलवतोय अजून." तिनं बाहीनं डोळे पुसले. "रोज पाणी बदलायचं, रोज बुरशी बघायची. आणि सकाळी मी शाळेत असते."

"डॉक्टरीणबाईंकडेच ठेवूया का? माझ्या हातून पुन्हा काही..."

"नको. तुम्हीच करा." राग अजून गेला नव्हता. "पण माया करायची तर गार पाण्यानं करा."