शिवेवरची चिंच

“शिवेवर काहून लावून राहिले जी? चिंचा दोन्हीकडचे खातील, पाणी मात्र कोणीच नाही टाकणार,” धुरपताबाई म्हणाली होती. तिचा नवरा परसराम हसला. “तुले सगळीकडं भांडणच दिसते,” म्हणाला आणि रोपाभोवती माती लोटली.

मित्रांनो, ते रोप म्हणजे मी. मी एक जुनी चिंच आहे. मीही तेव्हा ते मनावर घेतलं नाही. परसराम रोज बादली आणत होता, मग शीव म्हणजे काय, हे मला कुठून कळणार?

मी वाढले. माझ्या चिंचांनी दोन्हीकडच्या पोरांचे दात आंबवले. भाताच्या रोवणीहून परतणाऱ्या बाया माझ्या सावलीत टेकत आणि म्हणत, “मोठी गुणाची आहे ही चिंच!” तेव्हा शीव होती ती नुसती दोन वस्त्यांमधली; सगळं एकच गाव होतं.

परसराम गेला. पुढे धुरपताबाईच्या घराकडची वस्ती शहरात धरली गेली आणि शहराची शीव माझ्या बुंध्यातूनच ओढली गेली. शहरवाल्यांनी एका अंगाला खिळा मारून पत्र्याचा नंबर लावला. गाववाल्यांनी दुसऱ्या अंगाला गेरू फासला. बादली कोणीच आणली नाही.

अन् माझी शहराकडची मोठी फांदी वाळली. ती नेमकी धुरपताबाईच्या कवेलूंच्या छपरावर झुकली आहे. घराला खोली एकच. खाली धुरपताबाईची खाट आणि तिच्या नातीचा, तान्ह्या भावनाचा पाळणा.

भावनाची आई, म्हणजे धुरपताबाईची सून रत्नमाला, शिकलेली आहे. वारा सुटला की दारात येऊन वर बघत उभी राहते. लेकीला कडेवर घेऊन ती आधी शहराच्या कचेरीत गेली. परत आली ती चिडूनच आणि सासूला म्हणाली,

“मामी, अर्ज घेतला. मग पाहणी, मग झाडाले नोटीस. कोणाची हरकत नसली तर मंजुरी.”

“हरकत कोण घेते वाळल्या फांदीची?”

“मीही तेच इचारलं. म्हणे, नियम आहे.”

नोटीस माझ्यावर चिकटली. ‘हरकत असल्यास कळवावे.’ मला कोणी विचारलं नाही. मंजुरी काही आली नाही.

मग ती गावाकडच्या पंचायतीत गेली. तिथले मेंबर कवडूभाऊ म्हणाले, “आपल्याकडं कायचा अर्ज, वहिनी? उद्याच माणूस धाडतो.”

खरंच दुसऱ्या दिवशी ईश्वर कुऱ्हाड घेऊन आला. मला वाटलं, सुटली बिचारी रत्नमाला. पण तो गेरूच्या बाजूनं चढला आणि माझ्या हिरव्यागार फांद्या पाडू लागला.

रत्नमाला धावली. “अरे ईश्वर, वाळली ते इकडची आहे ना!”

“दिसते ना वहिनी. पण ते शहराची आहे. मले गावाचीच परवानगी. तिकडं कुऱ्हाड लागली तर दंड माह्यावर बसन.”

लाकूड गाडीत भरून तो गेला. गावाला वाटलं, काम झालं. शहराला वाटलं, काम सुरू आहे.

मित्रांनो, आता माझी हिरवी बाजू बोडकी आहे. सगळा भार त्या वाळल्या फांदीकडे आहे आणि मुळं त्याच बाजूला ओढली जात आहेत. मी धरून उभी आहे, पण किती दिवस, ते मला ठाऊक नाही.

झाडं जगवा, असं सांगायला आज माझं तोंड होत नाही. तुम्ही शहरातले असा की गावातले, इकडून जाताना माझ्या सावलीत थांबू नका. आधी रत्नमालाच्या दारात डोकावा. पाळणा अजून त्या फांदीखालीच टांगलेला आहे का, तेवढं बघून या.