फाटकातलं वळण

ऑपरेटरबाई गाडी शिकल्या त्या रिटायर झाल्यावर, नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांच्या लायनी जोडल्या, आता जरा आपणही कुठे जाऊन यावं म्हणाल्या. गल्ली आधी पोट धरून हसली आणि महिन्याभरात लिफ्ट मागायला लागली. जगाची रीतच ती!

आठवड्यातून दोनदा बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या ताईला घेऊन पोहायच्या तलावावर जायच्या. ताईचे गुडघे तिला बसची पायरी चढू देत नव्हते, पाण्यात मात्र ती मासोळी. म्हणजे गाडी गेली की ताईचं पोहणं गेलं, आणि वाटेत दोघी बहिणी सगळ्या नातेवाइकांचा जो मनसोक्त उद्धार करायच्या, तोही गेला. आणि गाडी जायचीच वेळ आली होती.

झालं असं, की चिरंजीव सुट्टीला आले. आईच्या शेजारी बसून घरी परतताना, फाटकातून आत वळता वळता, त्यांना समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकताना दिसला. घसरणाऱ्या गाडीचं चित्र, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा. चिरंजीवांनी पुस्तिका काढून वाचलं: चाकं घसरत असताना हा दिवा लुकलुकतो. मग तीन दिवस त्यांनी स्वतः गाडी चालवून पाहिली. दिवा चिडीचूप. चौथ्या दिवशी आई बसली आणि फाटकाशी दिवा पुन्हा लुकलुकला.

झाला निकाल! गाडीत दोष नाही, चालवणाऱ्या हातांत आहे. आता वय झालं, रविवारी गाडी मी घेऊन जातो, असं त्यांनी जेवताना सांगून टाकलं, तेही इतक्या मऊ आवाजात की भांडायचीही सोय राहिली नाही. वाईट याचं वाटलं, की बाईंना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. ताईला फोन करायला हात धजेना.

तरी गाडी नेण्याआधी दाखवून घेऊ म्हणून दोघं ओळखीच्या मेकॅनिककडे गेली. त्याने मशीन लावलं. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा सिग्नल मधेच तुटतो, असं मशीन म्हणालं. चाकाचा वेग सांगणारा हा सेन्सर गप्प झाला की गाडीला वाटतं चाक घसरलं. त्याने सेन्सर काढला, पुसला, बसवला. तो ठणठणीत होता. चिरंजीवांनी मोठ्या रस्त्यावर चक्कर मारून आणली, दिवा लागलाच नाही. मुलाने आईकडे अशा नजरेने पाहिलं, की चार शब्द सुनावले असते तर बरं.

आणि त्या नजरेनेच बाईंचं डोकं ठिकाणावर आलं. एक्स्चेंजमध्ये तक्रार आली की त्या कधी 'काय बिघडलं' असं विचारत नसत. विचारायच्या, लाइन तुटते कधी?

"फाटकात वळतानाच," त्या म्हणाल्या. "आणि हा तीन दिवस गाडी फाटकातून आत नेतच नव्हता. रस्त्यावर लावत होता."

चिरंजीव कानकोंडे झाले. त्यांच्या गल्लीत फाटकासमोरच भिंत. आत शिरायचं तर स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवावं लागतं. बाई एका दमात आत घ्यायच्या. चिरंजीवांना ते जमत नव्हतं आणि कबूलही करवत नव्हतं.

मेकॅनिकला सोबत घेऊन तिघं गल्लीत आली. चिरंजीवांनी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं, गाडी हळूच पुढे घेतली, आणि दिवा लुकलुकायला लागला. त्यांच्याच हाताखाली! मेकॅनिकने वाकून चाकामागे हात घातला आणि जीभ चावली. सेन्सरची वायर ताणली जात होती. मागे शॉकअब्जॉर्बर बदलताना तिची क्लिप बसवायची त्याच्याकडूनच राहून गेली होती.

"काकू, चूक माझी," तो म्हणाला. "वायर तुटेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नसतं."

वायरचं जुनं आवरण खरवडलं गेलं होतं, ती बदलून त्याने क्लिप बसवली. बाईंनी गाडी आत घेतली, बाहेर काढली, पुन्हा आत घेतली. दिवा मेल्यासारखा गप्प. आनंदाने त्यांना रडूच आलं, पण मेकॅनिकसमोर कसं रडायचं म्हणून त्यांनी चहा टाकला.

मेकॅनिक गेल्यावर चिरंजीवांनी कप खाली ठेवला.

"आई, खरं सांगू? तो दिवा दिसला तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुला थांब म्हणायला कारण मिळालं. बाबांच्या वेळी तुझा फोन आला ना, तेव्हापासून तुझं नाव स्क्रीनवर दिसलं की मी आधी खाली बसतो, मग फोन उचलतो."

बाईंना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. घाबरलास तर घाबर, पण मला घरात बसवून तुझी भीती जायची नाही रे, एवढंच म्हणाल्या. त्याने मान डोलावली.

रविवारी चिरंजीव आले तसे रेल्वेनेच निघाले. स्टेशनवर सोडायला अर्थात ऑपरेटरबाईच. पहिला सिग्नल यायच्या आतच तो शेजारच्या सीटवर गाढ झोपला, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसा. स्टेशन आलं. रेल्वेला अजून वेळ होता. बाईंनी इंजिन बंद केलं नाही, त्याला उठवलंही नाही. स्टेशनसमोरच्या चौकाला त्यांनी आणखी एक फेरी मारली, अगदी सावकाश.