चाकांवरचं पूर्वमुखी घर

आमच्या अंगणात तीन महिने एक टेम्पो उभा होता आणि त्याचं घर होत होतं. टेम्पो म्हणजे टाटाचा जुना चारशे सात. आमच्याकडे यायच्या आधी त्यानं दहा वर्षं भोकरदनच्या बाजारातून लाल मिरची वाहिलेली. तीन वेळा सोडा घालून धुतला, तरी पत्रा तापला की आत बसलेला माणूस शिंकायचाच. कारभारी सुतारानं पहिल्या दिवशी करवत उचलली आणि त्यालाच शिंक आली, तर तो करवत खाली ठेवून घरी निघाला होता. मग आत्याबाईंनी निकाल दिला, की ही शिंक मिरचीची आहे, शकुनात धरायची नाही. कारभारी परत फिरला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, झुंबरबाई. आमच्या घरातलं शास्त्र त्यांच्या ताब्यात होतं.

आणि हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच चालला होता. माझी नणंद प्रभावती तिकडे कोइमतूरला असते. तिचा नवरा परतूरच्या जिनिंगमध्ये फिटर होता, तिकडच्या जिनिंगवाल्यांनी बोलावून नेला, त्याला अकरा वर्षं झाली. ती तीनदा माहेरपणाला येऊन गेली, पण आईनं लेकीचं घर पाहिलेलं नव्हतं. एसटीत बसवलं की राजूर यायच्या आत त्यांना उलट्या सुरू. एकदा जालन्याच्या स्टेशनपर्यंत नेलं, तर गाडीतला संडास चालत्या गाडीतच वापरायचा असतो हे कळल्यावर त्या फलाटावरून परत आल्या. धावता धावता कुणी बसतं का, असं त्यांनी मला विचारलं होतं.

सत्त्याण्णवच्या संक्रांतीला प्रभावतीचं पत्र आलं. दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलंय, आखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, घरभरणी. चुलीवर दूध उतू घालायचं ते आईच्या हातानंच, आई आली नाही तर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. पत्र मीच वाचून दाखवलं. आत्याबाई दळणाचे गहू निवडत होत्या, ते निवडून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून निवडायला बसल्या.

ते भुजंगरावांनी पाहिलं. (नवऱ्याचं नाव लिहायला काही वाटत नाही, तोंडानं मात्र अजून घेत नाही.) हे विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करतात. बिघडलेलं काही दिसलं की यांचा हात आपोआप पान्ह्याकडे जातो, तसा त्या दिवशी आईकडे पाहून गेला असावा. आठ दिवसांनी टेम्पो घेऊनच आले. म्हणाले, आईला घरातून हलता येत नाही ना, तर घरच नेऊ. म्हणेल तिथं थांबेल, म्हणेल तेव्हा निघेल.

कारभारीनं जन्मात गाडीचं काम केलेलं नव्हतं. घरांचे दरवाजे, कडीपाट, देव्हारे, हे त्याचं काम. त्यामुळे त्यानं घराला विचारतात तेच विचारलं, दार कोणत्या अंगाला घ्यायचं? आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, पूर्वेला. टेम्पो आमच्या फाटकातून नाकासमोर आत आला होता, म्हणजे तोंड पश्चिमेला आणि मागचा फाळका पूर्वेला. फाळका काढून तिथं दार बसवलं. आग्नेय कोपऱ्यात स्टोव्हचा ओटा आला, ईशान्येला देव्हारा. आत्याबाईंचा दिवाण असा, की दाराकडे डोकं, म्हणजे पूर्वेला उसं. त्यांना दम लागतो म्हणून उशाची बाजू वीतभर उंच केली आणि दिवाण खाली पत्र्याला बोल्ट मारून पक्का बसवला. रोज सकाळी दारातून ऊन आत आलं की कारभारी हातातलं काम थांबवून कौतुकानं पाहायचा.

इंजिन खोललेलं होतं, त्यामुळे तीन महिने टेम्पो जागचा हलला नाही. आणि या घराला चाकं आहेत, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर सातवीपर्यंत भूगोलात पहिली यायचे.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चाचणी झाली. आत्याबाईंना आत निजवून आम्ही भोकरदनला डिझेल भरायला गेलो. जाताना त्या एका हातानं दिवाणाची कड आणि दुसऱ्या हातानं माझा दंड धरून होत्या. येताना पकड सैल झाली. मी वाकून पाहिलं तर झोपलेल्या. उलटी नाही, उमासा नाही, तोंड थोडं उघडं. आमच्या केदारखेड्यात पोचल्यावर यांनी सकाळी सरळ निघता यावं म्हणून गाडी उलटी फिरवून अंगणात घेतली आणि इंजिन इतक्या हळू बंद केलं, की जणू त्या आवाजालाही चवड्यावर चालायला सांगितलं होतं. मी त्यांना उठवलं नाही. त्यांनी जन्मात पहिल्यांदा गाडीत झोप घेतली होती, ती मोडायचा माझा जीव झाला नाही.

सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या बसलेल्या होत्या. केबिनकडच्या छोट्या खिडकीतून ऊन येऊन त्यांच्या पावलांवर पडलं होतं. दारात अंधार.

"उषे," त्या म्हणाल्या, "सूर्य पायाशी उगवलाय."

मी कप खाली ठेवला. एका क्षणात मला सगळं दिसलं. ओटा वायव्येला गेलेला, देव्हारा नैऋत्येला. हे आले, कारभारी आला. दोघं आधी हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी लेकाला एकच विचारलं, की कोइमतूर कुणीकडं. यांनी खरं ते सांगितलं, दक्षिणेला. मग त्यांनी बसल्या जागीच हातानं हिशेब केला. गाडीचं तोंड दक्षिणेला, म्हणजे पाय दक्षिणेला. जाईपर्यंत, सगळी वाट.

त्या उठल्या, आपलं बोचकं घेतलं, देव्हाऱ्यातला टाक पदरात घेतला आणि खाली उतरून ओसरीवर जाऊन बसल्या.

हे आईला म्हणाले, उसं फिरवून घे. पण दिवाण उताराचा, उसं फिरवलं की डोकं खाली आणि पाय वर, दमेकरी माणसाला कसं जमावं? कारभारी टेप घेऊन आत गेला. दिवाण सहा फुटांचा, आणि ओट्याच्या बाजूला फिरवायला जागा साडेपाच. आतच बनवलेला, त्यामुळे दार काढल्याशिवाय बाहेरही निघेना. तो खाली उतरून म्हणाला, दोन दिवस लागतील. आखिती सहा दिवसांवर आणि वाट पाच दिवसांची होती.

यांचा चेहरा पडला. तीन महिने हातावरचं काळं निघालं नव्हतं. ते आईसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, तू सगळ्याला वाट काढतीस, मिरचीच्या शिंकंला काढलीस, याला काढ.

"शिंकंचं काही झालं असतं तर माझ्याच जिवाला झालं असतं रे," आत्याबाई म्हणाल्या. "दक्षिणेला पाय मेलेल्या माणसाचे करतेत. मी तशी निजून लेकीच्या दारात जाऊ? नव्या घरात? ज्या हातानं दूध उतू घालायचं, त्या हातानं हे घेऊन जाऊ?"

तेव्हा मला कळलं, की त्या स्वतःच्या मरणाला भीत नव्हत्या. न जाऊन त्या लेकीचं घर राखत होत्या.

हे जमिनीवर काडीनं गाडीचं तोंड चारी दिशांना काढून पाहत होते. मग म्हणाले, "तू बसून चल. पडावं वाटलं की सांग. मी गाडी थांबवून तोंड पश्चिमेला करीन, अंगणात होतं तसं. तुझी झोप झाली की पुन्हा वळवीन."

"दिवसातून चार वेळा वाटंल."

"चार वेळा वळवीन."

"लोक हसतील."

"हसू दे. त्यांला कुठं कोइमतूरला जायचंय."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मग आत्ताच निघावं लागेल, वळण्यातच एक दिवस जाणार. त्यांनी पदरातला टाक सोडवून माझ्या हातात दिला. निघालो तेव्हा नऊ वाजले होते. गाडी फाटकातून बाहेर पडताना कारभारीला जोराची शिंक आली. त्यानं घाबरून तोंडावर हात ठेवला. आतून आत्याबाई म्हणाल्या, "मिरचीची. चल, हाण गाडी."

पहिला थांबा अंबडच्या अलीकडं, एका पेट्रोल पंपाच्या मोकळ्या जागेत. यांनी गाडी पुढे मागे, पुढे मागे करत तोंड पश्चिमेला आणलं. दोन ट्रकवाले चहा पीत पाहत होते. एकानं विचारलं, काय बिघाड झाला का. हे म्हणाले, न्हाई, आईला झोप आलीय. दुसरा थांबा गोदावरी ओलांडून, तिसरा बीडच्या पुढे. तिसऱ्या वेळी आत्याबाई डोळे मिटण्याआधी म्हणाल्या, थोडी उत्तरेला कलली वाटतं. हे परत स्टेअरिंगवर बसले.

दुसऱ्या दिवशी विजापूरच्या पुढे मी दिवाणापुढच्या मोकळ्या जागेत, ट्रंका ठेवल्या होत्या तिथं, एक ट्रंक सरकवून सतरंजीवर बसले होते. डाव्या पत्र्याला पाठ लावून शेंगा सोलत होते. आत्याबाई सोबतीला म्हणून खाली येऊन बसल्या. चार शेंगा सोलल्या आणि पेंगायला लागल्या. त्यांची मान आधी खांद्यावर आली, मग घसरत माझ्या मांडीवर. मी शेंगांचं सूप हळूच बाजूला केलं. त्यांनी झोपेतच पाय पोटाशी घेतले आणि त्या गाडीच्या आडव्या रुंदीत बरोबर मावल्या. पूर्वी धिप्पाड होत्या, कधी एवढ्या लहान झाल्या ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सत्तावीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्या हातचं पाणीही कधी कौतुकानं प्याली नव्हती. मी घाबरून दिशा मोजायला लागले. गाडी दक्षिणेला. डावी बाजू पूर्वेला. डोकं माझ्याकडे, म्हणजे पूर्वेला. पाय पश्चिमेला. दोनदा मोजलं.

"बराबर हाय," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "मी बघूनच पडलेय."

डोकं मांडीवर उंच होतं, त्यामुळे श्वासही सरळ चालला होता. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही. त्यांच्या केसांत भुईमुगाचं एक फोल अडकलं होतं, ते काढलं, आणि हात तिथंच राहू दिला.

केबिनच्या खिडकीतून यांनी मागे न पाहता विचारलं, "आई पडली का? वळवू का गाडी?"

"नको," मी म्हणाले. "चालू द्या."