सहा नंबरचे पास

फळ्यावरचा सहा पुसला गेला आणि त्यानंतर खोलीत कोणीच काही बोलले नाही. डस्टर प्रशिक्षक बाईंच्या हातातच राहिले. खडूची भुकटी उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात थोडा वेळ तरंगली, मग निमूट खाली बसली. सहायक प्रशिक्षक शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत आणि उलगडत राहिला. कर्णधार मुलगी खिडकीतून रिकाम्या कोर्टाकडे बघत बसली. आणि टेबलाच्या टोकाशी, जाड पुठ्ठ्याच्या वहीवर दोन्ही तळवे ठेवून, वहीकाका बसले होते. आकडा बाईंनी पुसला असला, तरी तो पुसायला लावला होता त्या वहीने.

पुढच्या मोसमासाठी बास्केटबॉल संघाचा पहिला पाच, म्हणजे सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणी, ठरवण्याची ही बैठक. परीक्षा आटोपल्या की दर वर्षी मुलींच्या कॉलेजातल्या या क्रीडाखोलीत ती भरे. तिचा एक दंडक होता: नावे दाराबाहेर ठेवून यायची, आत फक्त नंबर. नाव घेतले की त्याला आईबाप फुटतात आणि मग निर्णय होत नाही, असे बाईंचे म्हणणे. दुसरा दंडक असा, की सगळ्यांचे भांडून झाले की बाई टेबलाच्या टोकाकडे वळून विचारत, "वही काय म्हणते?" मग काका पान उघडून, घसा साफ करून, आकडे वाचत. त्यापुढे वाद उरत नसे.

सत्तावीस वर्षे हे चालले होते. काका तेव्हा कॉलेजच्या प्रवेशखात्यात कारकून होते. तुमचे अक्षर चांगले आहे, संध्याकाळी सामन्याला बसाल का, असे कोणीतरी सहज विचारले. ते बसले ते उठलेच नाहीत. पुढे नोकरी संपली, पत्नी गेली, लेक आपल्या संसाराला लागली. उरली ती वही. आयोजकांच्या तक्त्यात नुसते गुण आणि फाउल असत. काकांच्या वहीत त्याआधीचे सगळे असे: बास्केट झाली ती कोणाच्या पासवर, फळीवरून परतलेला चेंडू कोणी झेलला, हातातला चेंडू कोणी घालवला. टाळ्या जिथवर पोहोचत नाहीत तिथवर पेन्सिल न्यायची, एवढेच त्यांचे आयुष्यातले कसब. बाई स्वतः खेळाडू होत्या, दोन वेण्या घालत होत्या, तेव्हाचे त्यांचे पहिले पासही याच अक्षरात कुठेतरी होते.

आजचा वाद तासभर चालला होता. चार जागांवर एकमत होते. अडले होते ते पाचव्या जागेवर. सहा की आठ? दोघी एकाच उंचीच्या, सारख्याच चणीच्या, केसही दोघींचे मानेपाशी कापलेले. सहायकाचा कौल आठला होता. कर्णधार मात्र सहासाठी हट्टाला पेटली. सहाचा पास हातात येतो तेव्हा आपण कुठे उभे राहायचे हे तिने आधीच ठरवलेले असते, असे ती म्हणाली, तेव्हा सहायक हसला. कविता मासिकाला पाठव, इथे आकडे बोल, असे त्याने सुनावले. आणि आकडे बोलले. मोसमातले पहिले सहा सामने दोघी बरोबरीत. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सात सामन्यांत आठचे पास चव्वेचाळीस, घालवलेले चेंडू अकरा. सहाचे पास नऊ, घालवलेले चेंडू एकतीस. सुट्टीत पोरगी घसरली, सहायक म्हणाला. बाईंनी डस्टर उचलले.

पाचातून गेली म्हणजे सहा संघातूनच गेली, हे चौघांनाही ठाऊक होते. पहिल्या पाचात असशील तर आणखी एक वर्ष खेळ, नाहीतर पुरे झाले, असे तिच्या घरून बजावलेले होते. म्हणून ती शांतता इतकी लांबली.

ती शेवटी कर्णधारानेच मोडली. आता काही उपयोग नाही हे कळूनही माणूस बोलतो तशा पडलेल्या आवाजात ती म्हणाली,

"गुडघा दुखत असताना खेळली ती, एवढं तरी धरा. सातही सामने पट्टा बांधून खेळली."

सहायकाने दोरी थांबवली. "पट्टा आठ बांधते. पांढरा."

"बांधायची. सुट्टीत तिचा गुडघा बरा झाला, तेव्हा तोच पट्टा तिनं सहाला दिला. सगळ्या टीमला माहितीये, सर. तुम्ही मुलींच्या पायांकडे बघत नाही हे चांगलंच आहे म्हणा."

बाईंना हसू आले, सहायकाचे कान लाल झाले, आणि खोलीतला ताण सैल पडला. कोणीतरी पंखा वाढवला. फक्त टेबलाच्या टोकाशी एक माणूस आतल्या आत कोसळत होता, आणि त्याचा आवाज कोणाला आला नाही.

नंबर वाचणे काकांनी कधीच सोडून दिले होते. इतक्या वर्षांच्या सवयीने मुली त्यांना चालीवरून ओळखू येत. एक उजवा खांदा पाडून धावते, दुसरी टाचा उचलून. नंबर वाचायची गरज उरली नाही, असे ते स्वतःला सांगत. खरे हे होते, की नंबर दिसेनासे झाले होते. ज्याच्याकडे नजर रोखावी तेवढेच विरघळायचे, कागदावर पाण्याचा थेंब पडून शाई पसरावी तसे. भोवतीचे सगळे शाबूत: कोर्टाच्या रेषा, बाकावरच्या पाण्याच्या बाटल्या, धावणारे पाय. सहा आणि आठ यांची चालही एकच होती. म्हणून त्यांनी एक खूण धरली होती. पांढरा पट्टा म्हणजे आठ.

सातव्या सामन्यापासून तो पट्टा सहाच्या गुडघ्यावर होता.

म्हणजे ते चव्वेचाळीस पास सहाचे. आणि एकतीस चेंडू घालवले ते आठने. चार सामन्यांत त्यांच्या गुणांचा आयोजकांच्या तक्त्याशी मेळ बसला नव्हता, तेही आता आठवले. तेव्हा त्यांनी तक्ता बघून गुण तेवढे खोडले होते, हात चुकला असेल म्हणून. हातावर आळ घालणे सोपे होते.

गप्प बसता आले असते. वही त्यांची, अक्षर त्यांचे. खोडायला दुसरे कोणी येणार नव्हते. बोलले तर उद्यापासून संध्याकाळी पाच वाजता शर्ट बदलून जायचे कुठे? लेकीने सुट्टीतच, डॉक्टरांकडून परतताना, सांगितले होते, बाबा, आता वही कॉलेजला देऊन टाका. त्यावर ते आठवडाभर तिच्याशी धड बोलले नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "तो सहा परत लिहा."

मग त्यांनी सांगितले. सावकाश, आकडे वाचत तसे, एकेक सामना घेऊन, स्वतःला कुठेही सूट न देता. सहायक मधेच म्हणाला, की एखाददुसरी चूक कोणाच्याही हातून होते, काकांनी मनाला लावून घेऊ नये. एखाददुसरी नाही, काका म्हणाले, सात सामने आहेत. कर्णधार आधी उजळली, मग काकांच्या तोंडाकडे पाहून तिने मान खाली घातली. जिंकल्यावर असे काही वाटेल याची तिला कल्पना नसावी.

"तुम्हाला नंबर दिसत नाहीत?" बाईंनी विचारले.

"कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघतो तेच जातं."

बाईंनी फळ्यावरचा आठ पुसला. सहा लिहिला. अक्षर जरा वाकडे आले, ते त्यांनी दुरुस्त केले नाही. सहाला निरोप द्यायला त्यांनी कर्णधाराला पाठवले, आणि सहायकही काहीतरी काम काढून तिच्यामागे निघाला. जाताना त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी त्याच्या थट्टेला काका थट्टेनेच उत्तर देत. आज त्यांनी वहीची कड टेबलाच्या कडेशी जुळवली.

खोलीत दोघेच राहिले. बाई समोर येऊन बसल्या. पुष्कळ वेळ त्या वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत होत्या. मग त्यांनी हळूच विचारले, की डॉक्टर काय म्हणाले. हे आता थांबणार नाही, असे म्हणाले, काका उत्तरले. आणि कधीपासून आहे म्हणाले, बाईंनी विचारले. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन-अडीच वर्षांपूर्वी सुरू झालं असणार, म्हणाले. मला कळलं उशिरा."

बाईंचे बोट थांबले. त्या उठल्या, कपाटातून गेल्या मोसमाची वही काढली, उघडली. पाने उलटण्याचा आवाज काकांना स्पष्ट ऐकू येत होता. कोणते पान शोधले जाते आहे, हे विचारावे लागले नाही. गेल्या वर्षी याच टेबलावर बारा नंबरला काढले होते. वहीने सांगितले होते, चेंडू घालवते. ती मुलगी दुसऱ्या दिवशी बाईंना भेटायला आली होती. मी असे खेळले नाही हो, एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाईंनी तिला ही पानेच उघडून दाखवली होती आणि म्हटले होते, बघ, हे लिहिणाऱ्याला कोणाशी देणेघेणे नाही. पुढच्या सत्राला तिने कॉलेजच सोडले.

पाने उलटायची थांबली.

"बाई," काका म्हणाले, "ती बारा नंबर हल्ली कुठे असते?"

बाईंनी वही मिटली नाही. ती तशीच उघडी त्यांच्यापुढे ठेवली, खुर्ची मागे सारली आणि दार उघडून त्या बाहेर पडल्या. काकांनी खिडकीकडे पाठ केली नाही. मान थोडी वळवून, नजर भिंतीवर ठेवून, कडेने त्यांना जाताना पाहिले. कोर्टाच्या लाकडी फरशीवर बाहेरच्या पादत्राणाचा ठसा उमटला तर बाई शहानिशा न करता सगळ्या संघाला पळायला लावत. त्या आज चपला घालूनच निघाल्या होत्या, कोर्टाच्या मधोमध, वाटेत आलेला चेंडूही न उचलता, समोरच्या, प्रवेशखात्याकडे उघडणाऱ्या दारापर्यंत.