सरपंच बोलायल्यात, गाणं लावा

आधी नुसतं ऐक. मधी मधी "मग? मग?" करू नको, माझा धागा तुटतो.

शिवांजली वहिनी तुला माहिती न्हायत, म्हणून त्यांच्यापासनं सुरू करते. उमरग्याजवळच्या मुरुमच्या अलीकडं आमचं गाव. सरपंचाची जागा बाईसाठी सुटली अन् वहिनी निवडून आल्या. बॅनरवर वहिनींचा फोटो बोराएवढा, अन् त्यांच्या नवऱ्याचा, रणधीरदादाचा, कलिंगडाएवढा. गाव दादालाच "सरपंच" म्हणायचं. ग्रामसभेत खुर्चीवर दादा, अन् वहिनी मागं सतरंजीवर, पदर सावरत. दादानं मान हलवली की सही करायची. बस्स.

माझं एक चॅनेल होतं. बाजार, उरूस, कुणाची म्हैस व्याली, असलं कायबाय मोबाईलवरनं लाइव्ह दाखवायची. बघणारे आमचेच पाव्हणे. एकदा असंच समाजमंदिरात ग्रामसभा लाइव्ह लावली, अन् नेमकी त्याच दिवशी दादाची गाडी वाटंत पंक्चर झाली.

खालच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊनच आलेल्या. आमचीच गल्ली ती. तिथं नळ असा न्हायच. त्या ओरडायल्या, "सरपंच कुठंय? सरपंच कुठंय?" वहिनी सतरंजीवरनं उठल्या. मला वाटलं, चालल्या घरला. न्हाय गं! सरळ माइक हातात घेतला अन् म्हणाल्या, "हाय की मी. बोला."

आमच्या गावातले म्हातारे सिद्रामप्पा खेकसले, "बाई, मालकाला इचारून सांगा."

वहिनी म्हणाल्या, "अप्पा, मी मत मागायला आले तवा तुमी कुणाला इचारून दिलं?"

सभा अशी हसली म्हणतीस! सिद्रामप्पाबी हसले. मग ठरलं, नव्या पाइपलाइनचं पाणी आधी खालच्या गल्लीला, मागनं बाकीच्यांना. भराभर हात वर झाले. अन् हे सगळं माझ्या लाइव्हमधी.

दोन दिवसांत ते सोलापूरपासनं कलबुर्गीपर्यंत गेलं. "हाय की मी. बोला" लोकांनी स्टेटसला ठेवलं. मी जळले, खोटं कशाला बोलू? हात दुखूस्तोवर मोबाईल धरला मी, अन् एका माणसानं विचारलं न्हाय की हे काढलं कुणी. सगळे आपले वहिनी, वहिनी, वहिनी.

पण दादाचं जळणं बघितलं अन् माझं इझलं.

आमचे अब्बा, हनीफभाई, त्यांचं मुरुमला पाण्याच्या जळक्या मोटारींची वायंडिंग भरायचं दुकान हाय. समोर पेंडीचं दुकान. दादा तिथं पेंड घ्यायला आलेला. दुकानदार गादीवरनं उठून उभा राहिला. दादानं कॉलर नीट केली. दुकानदार हात जोडून म्हणतो, "तुमी त्या सरपंचबाईंचे मालक न्हव का? बाईंना नमस्कार सांगा की!" दादानं पेंड तिथंच टाकली अन् गाडीला अशी किक मारली की चप्पल निसटून गटारीत गेली. अब्बांनी डोळ्यानं बघितलंय.

त्या दिवसापासनं वहिनींचं कायच धड न्हाय. कालवण खारट, भाकरी करपल्याली. कुणी हाक मारली तरी दादा म्हणायचा, "जा, तुझे चाहते आलेत." सासूबाई धुरपदाबाईंचंबी तेच. शेजारीण सुनेचं कौतुक करायला लागली की म्हातारी उठून शेळीला पाला टाकायला जायची.

मग दादानं स्वतःचं चॅनेल काढलं! बुलेटवर बसलाय, काळा गॉगल, मागं सिनेमाचं गाणं दणदण वाजतंय. बघितलं ते मोजक्या लोकांनी, तेबी हसायला. अन् दुसऱ्या दिवशी व्हिडिओच गायब. गाण्याची मालक कंपनी परदेशातली. तिकडच्या मशीननं गाणं ओळखलं अन् कुणाला न इचारता व्हिडिओ बंद. आम्ही पोट धरधरून हसलो. अन् दादाला त्यातनंच युक्ती सापडली.

पुढच्या ग्रामसभेला समाजमंदिराच्या दारात साउंडवाल्या ईरण्णाचे बॉक्स! का, तर म्हणं पोरांची हौस. दादा बोलला तवर चिडीचूप. वहिनींनी माइक घेतला, दादानं बोट वर केलं, अन् धाड! सिनेमाचं गाणं. खिडक्या थरथरायल्या. पोरं नाचायली. वहिनींचं तोंड हलतंय, आवाज कुठंच न्हाय. मी लाइव्ह धरून बोंबलायले, "ईरण्णा, गाणं बंद कर की रे!"

घरी येऊस्तोवर व्हिडिओ बंद. वर मलाच स्ट्राइक, म्हंजे ताकीद; अशा तीन झाल्या की चॅनेलच बंद. काय, तर तुम्ही दुसऱ्याचं गाणं वापरलं. मी? मी "बंद कर" म्हणून ओरडले ते त्याच व्हिडिओत हाय की गं! पण त्या मशीनला गाणं तेवढं कळतं. गाण्याखाली बाई बोलायलीय, अन् तिनं बोलू नये म्हणूनच गाणं लावलंय, हे त्याला कोण सांगणार? सांगायला तिकडं माणूसच न्हाय.

त्याच्या पुढच्या सभेला तेच. गाण्याची ती तिसरी सभा, तवा वहिनी चालत बॉक्सपाशी गेल्या. म्हणाल्या, "ईरण्णा, बंद कर. सरपंच सांगायल्यात."

ईरण्णानं बिचाऱ्यानं दादाकडं बघितलं.

दादा खुर्चीवरनंच म्हणाला, "सरपंच बोलायल्यात व्हय? मग लाव की अजून मोठ्यानं."

लोकं हसली. पहिल्या सभेला हसलेलीच लोकं. तिसरा स्ट्राइक आला अन् माझं अख्खं चॅनेल बंद झालं. सुक्याबरोबर ओलं जळतं तसं. पहिल्या सभेच्या व्हिडिओत गाण्याचा एक सूर नव्हता, तो व्हिडिओबी गेला. लाइव्ह असल्यामुळं माझ्या मोबाईलमधी काय उरलं न्हाय. लोकांनी नुसती लिंक पुढं ढकलल्याली, ती उघडंना.

पहिल्या सभेत ठरलेलं दादानं वहीत चढूच दिलं नव्हतं, अन् मग त्यानं आपलाच ठराव लिहून घेतला. पाइपलाइन आधी मळ्याकडं. कुणाच्या मळ्याकडं, ते तूच वळख.

दाद मागायला एक फॉर्म होता. मी उघडला. त्यात माझं खरं नाव, घरचा पत्ता, फोन नंबर. हे सगळं त्या गाण्याच्या कंपनीला जाणार. अन् खाली लिहून द्यायचं की तक्रार चुकीची हाय असं मी शपथेवर सांगते, अन् खटला झाला तर परदेशातल्या कोर्टाचा अधिकार मला मान्य हाय. अगं, मी उमरग्याचं कोर्ट बघितलं न्हाय!

अब्बांनी सगळं माझ्याकडनं वाचून घेतलं. मग म्हणाले, "फलक बेटा, तीन पिढ्या इथं काढल्या, कोर्टाची पायरी चढलो न्हाय. आपलं नाव बघून लोकं आधीच दोनदा इचारतेत. पोरीचा पत्ता, नंबर कुणाच्या हातात जाईल? ऱ्हाऊ दे. पाणी आजवर डोक्यावरनंच आणलं की."

तरी मी फॉर्म तसाच भरून ठेवला अन् वहिनींना दाखवायला गेले. वहिनी पोळपाटापाशी होत्या, धुरपदाबाई उंबऱ्यात तूर पाखडत. तेवढ्यात दादा आला. ठरावाची वही वहिनींच्या पुढ्यात, पिठातच टाकली.

"सही कर."

वहिनींनी हात पुसले. वाचलं. "मी असं बोलले न्हाय. सही न्हाय करणार."

"काय म्हणालीस?"

"सभेत ठरलं ते खालच्या गल्लीचं. हे तुमी ठरवलंय."

"पुरावा हाय का? दाखव की व्हिडिओ!" दादा हसला, पण डोळ्यांत पाणी होतं गं, खरंच. "माझ्या नावावर निवडून आलीस तू. अन् आज मला लोकं काय म्हणत्यात? सरपंचबाईंचा मालक! दहा वर्सं गावात फिरलो मी, मला कुणी उठून नमस्कार न्हाय केला."

वहिनी म्हणाल्या, "माझा नमस्कार तुमाला घ्या. गल्लीचं पाणी कशाला घेता?"

दादानं हात उचलला. मी भिताडाला चिकटले. अन् धुरपदाबाईंनी सूप खाली टाकलं, सगळी तूर अंगणभर.

"खाली कर हात." म्हातारी उठली. "जळते म्या हिच्यावर. व्हय, जळते. माझ्या बापाच्या घरी बोलू दिलं न्हाय, तुझ्या बापानं बोलू दिलं न्हाय, अन् ही काल आल्याली सभेत बोलती, तवा माझ्या काळजाला डागण्या बसत्यात. पर म्या कुणाचं पाणी तोडलं न्हाय रे. ही काय बोलली ते म्या सभेत बसून ऐकलंय. माझ्या कानानं."

"म्हातारीच्या कानाला कोण इचारतंय?" दादा म्हणाला. "व्हिडिओ न्हाय म्हणजे ती बोललीच न्हाय." मग माझ्या हातातल्या मोबाईलकडं त्याचं लक्ष गेलं. "काय गं, फॉर्म हाय व्हय? दाब की. दाब, बघू. हनीफभाईंना सांगतो मग, पोरीला परदेशातलं वारंट आलं तर दुकानाला कुलूप लावा म्हणून."

मी वहिनींकडं बघितलं. वाटलं, त्या म्हणतील दाब. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, माझ्या डोक्यावरचं उतरलं असतं.

वहिनी म्हणाल्या, "फलक, पत्ता तुझा हाय, माझा न्हाय. मी दाब म्हणणार न्हाय. तू न्हाय दाबलंस तरी माझी सही ह्यावर व्हायची न्हाय." अन् वही झटकून त्याच्या हातात दिली.

मी दाबलं.

अजून उत्तर न्हाय. पाइप पंचायतीच्या अंगणात उन्हात पडलेत. दादा सही मागतोय, वहिनी देईनात, अन् म्हातारी रोज दोघांच्या मधी झोपती. अब्बा माझ्याशी एरवी बोलंनात. दुकानात असताना मला अनोळखी नंबर आला की ते आधी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतात, मग मला म्हणतात, "उचल." अन् मी फॉर्ममधी लिहिलेला तो पत्ता माझ्या एकटीचा न्हाय गं. त्या घरात अब्बाबी ऱ्हातेत, त्यांना न इचारता दाबलं मी.

आता बोल. माझ्या जागी तू असतीस, तर दाबलं असतंस का?