पत्र्याची बादली

"वाजवा ना मावशी, चार दिवस पोटात काही नाही तिच्या," आरिसावा म्हणाला. ऑर्कांना, म्हणजे त्या काळ्या-पांढऱ्या शिकारी देवमाशांना, खेळ शिकवणारा तो. अकराचा खेळ जवळ आला होता.

फुमियोने सुरीची मूठ बादलीच्या कडेवर आपटली. टण्, टण्, टण्. तलावाच्या मधोमध निपचित तरंगणारी नागी हलली आणि नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन थांबली, भिंतीकडे तोंड करून.

"आली बघा! आमचं कुठं ऐकते ती?" आरिसावा खूश होऊन कपडे बदलायला पळाला.

मत्स्यालयाच्या मासेघरात फुमियोची अठरा वर्षं बांगडे धुण्यात आणि त्यांच्या कल्ल्यात औषधाच्या गोळ्या खुपसण्यात गेली होती. नागीची आई हामा समोरच्याच खाडीत पकडलेली. पहिल्या दिवशी फुमियोने सहज बादली वाजवली आणि ते एवढं धूड कोपऱ्यात धावलं. गावभर कौतुक झालं. पुढे दुकानात पत्र्याच्या इवल्या बादल्या विकायला आल्या आणि खेळ बघायला येणारी मुलं त्या बडवू लागली. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. पण आपली वाट बघणारं कुणीतरी आहे, एवढ्यावर बाईने दिवस काढले होते.

सोमवारी हामा मेली. म्हणून आज फुमियोचे वडील, सत्त्याऐंशी वर्षांचे गेन्साकू, चाकांच्या खुर्चीतून तिच्यासाठी उदबत्ती लावायला आले होते. एरवी या फाटकात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. उदबत्ती त्यांच्या हातात तशीच राहिली.

"हे असं वाजवायला कुणी शिकवलं तुला?"

"कुणी कशाला शिकवायला हवं? लहानपणी धक्क्यावरून तुमचंच ऐकलंय की, बाबा. हाताला तेच लागलं."

"अगं, लोखंडी नळी पाण्यात सोडायची आणि वरून हातोड्याने तीन-तीन ठोके. बारा होड्या एका रांगेत. पळायला वाट म्हणून ठेवायची नाही. हामाला तसंच तर आणलं आम्ही. शेवटी खडकाच्या कोपऱ्यात घुसून बसली होती."

फुमियो हसायला गेली, पण हसू आलं नाही. "म्हणजे ती माझ्याकडे येत नव्हती?"

"पळत होती, पोरी."

"पण मग खायची कशी?"

"भीती ओसरली की भूक लागतेच."

"आणि ही नागी? ही तर इथेच जन्मली. हिने समुद्र कुठे पाहिलाय?"

"आईने पाहिला होता ना."

फुमियोला एकदम आठवलं. ठोके पडले की हामा नागीला भिंतीच्या बाजूला घ्यायची आणि स्वतः बाहेरून आडवी व्हायची. माया बघा, असं फुमियो सगळ्यांना सांगायची. कॅलेंडरवर फोटोही छापला होता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने सुरी एप्रनच्या खिशात टाकली, ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि हातात बांगडा धरून हलकेच हाक मारली, "नागी, ये गं. नाही वाजवणार पुन्हा."

बराच वेळ गेला. नागी कोपऱ्यातून वळली आणि हळूहळू जवळ आली. तिचा श्वास फुमियोच्या मनगटाला लागला, तोंड किंचित उघडलं.

तेवढ्यात संगीत सुरू झालं. अकरा वाजले होते. गॅलरी भरलेली होती.

"चला मुलांनो," कर्ण्यातून आरिसावाचा आवाज आला, "नागीला बोलावू या!"

तीनशे बादल्या एकदम वाजू लागल्या. टण्, टण्, टण्. गेन्साकूंनी दोन्ही कान घट्ट दाबून धरले. "थांबवा रे!" फुमियो ओरडली, पण तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

बांगडा तसाच हातात राहिला. नागी कोपऱ्यात गेली. या खेपेला ती भिंतीला चिकटली नाही. बाहेरच्या बाजूने आडवी होऊन थांबली. भिंत आणि ती, यांच्यामध्ये एका पिल्लापुरतं पाणी मोकळं होतं.