तोंड हरवलेला ढोलवाला

“बाबा, याचं तोंड कुठे गेलं?”

“जाईल कुठे? रंगाखाली असेल.”

“मग काढा बाहेर! कोणी सांगितलं होतं हात लावायला?”

“तुला वेळ नव्हता, म्हणून म्हटलं...”

“म्हणून फ्रिजचा रंग? फ्रिज आहे का हा?”

मित्रांनो, ज्याच्या तोंडावरून ही बोंबाबोंब चालली होती, तो मी. मी एक जुना ढोलवाला आहे. अंगठ्याएवढा, कथलाचा. रबरी साच्यात गरम कथील ओतून मला काढलं. कानामागे साच्याची शिवण राहिली, ती कोणी घासलीच नाही. आधीच्या मालकाने मला कोराच, न रंगवता खणात टाकलं. खिळे आणि संपलेल्या बॅटऱ्यांत माझी निम्मी जवानी गेली. मग या पोरीने तिच्याकडचा एक तोफवाला देऊन मला घेतलं.

पोरगी दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसपाळी-रातपाळी करते. सुट्टी मिळाली की टेबलावरची लढाई खेळते. छोटे सैनिक, थर्माकोलच्या टेकड्या, फासे आणि मोजायची टेप. त्या खेळात ढोलवाल्याशिवाय तुकडी पुढे सरकत नाही. आणि तिच्या मंडळाचा कडक नियम, की न रंगवलेला सैनिक टेबलावर चालणार नाही. रविवारी सामना होता, मी कोरा होतो आणि तिला लागोपाठ रातपाळ्या लागलेल्या.

तिचे बाबा फ्रिज दुरुस्त करतात. त्यांना वाटलं, पोरीचं काम जरा हलकं करू. दुकानातला पांढरा ऑईलपेंट घेतला आणि फ्रिजच्या दाराला मारतात तसा जाड हात मारला. नाक, डोळे, मिशा, सगळं गुडुप. मी खोडरबरासारखा दिसायला लागलो. डोकं असं फिरलं होतं माझं! पण ओरडणार कुठून? तोंडच नव्हतं.

“रविवारी एक तुकडी घरीच बसेल आता,” पोरगी म्हणाली. “आणि यापुढे माझ्या टेबलाला हात लावायचा नाही.” दार आपटून पाळीवर गेली.

बाबा मला बोटांत उलटसुलट फिरवत बसले. एक गिऱ्हाईक दारात येऊन हाका मारून गेलं, यांनी मान वर केली नाही. मग मला थिनरमध्ये सोडलं. प्लास्टिकचा असतो तर तिथेच माझा चिखल झाला असता. कथलाचा म्हणून वाचलो. जुन्या टूथब्रशने त्यांनी मला खसाखसा घासलं, कानामागची शिवणसुद्धा कानशीने काढली. नाक पुन्हा हवेला लागलं.

पोरगी परत आली, तेव्हा मी स्वच्छ धुतलेला तिच्या चहाच्या कपाशेजारी उभा होतो.

“रंग कसा लावायचा, सांगशील?” बाबांनी विचारलं.

ती बूट काढत राहिली. मला वाटलं, आता परत भडका.

“पातळ,” ती म्हणाली. “दुधासारखा. पाणी घालून.”

“एकच हात?”

“दोन. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही. आणि डोळे काढताना श्वास रोखायचा.” तिने रंगांचा खोका त्यांच्याकडे सरकवला आणि झोपायला गेली.

बाबांनी मला धरायला सोपं म्हणून बाटलीच्या झाकणावर चिकटवलं. अंगरखा निळा, ढोल लाल. ब्रश चहात बुचकळला आणि चहा समजून रंगाच्या पाण्याचा घोट घेतला. “शी! हा काय धंदा आहे,” असं म्हणाले, पण उठले नाहीत. पहिला हात इतका फिका बसला, की त्यांचा जीव खालीवर. दुसऱ्याने भरला. मग खोक्यातलं एक पातळ तपकिरी पाणी माझ्या तोंडावर सोडलं. ते मिशीच्या, डोळ्यांच्या खाचांत जाऊन बसलं आणि मी एकदम माणूस दिसायला लागलो.

“अगं आई गं!” बाबा म्हणाले. एकटेच होते खोलीत.

डोळे मात्र फसले. श्वास फार वेळ रोखला, हात हलला. एक डोळा समोर, दुसरा भिंतीवरच्या घड्याळाकडे. बाबा पुसणार होते, तेवढ्यात पोरगी मागे येऊन उभी राहिली.

“असू दे,” एवढंच म्हणाली. हसली की नाही, मला दिसलं नाही. तो डोळा घड्याळाकडे होता ना.

रविवारी तिने मला तुकडीच्या पुढे ठेवलं. समोर एक टकलू गृहस्थ खेळत होते. वाकून बघत म्हणाले, “हा तुमचा ढोलवाला बघतोय कुठे?”

“दोन्हीकडे,” पोरगी म्हणाली. “माझ्या बाबांनी रंगवलाय. काढा तुमचे फासे.”

सामना हरलो आम्ही, सपाटून. पण घरी येऊन पोरीने बाबांच्या दुकानात, पान्यांच्या शेजारी, एक कोरा घोडेस्वार ठेवला.

“याचे डोळे एका दिशेला पाहिजेत,” म्हणाली.

“घोड्याचे की स्वाराचे?”

“बाबा!”

तर मित्रांनो, आम्हाला उचलाल तर बुडाला धरून उचला, ढोलाची काठी धरून ओढू नका, काठी तुटते. आणि पहिल्यांदा रंगवणाऱ्याच्या हातातून आम्हाला हिसकावून घेऊ नका. त्याला दुसरा हात मारू द्या. अजून एक सांगायचं होतं, पण पोरीने डबा उघडलाय, टेप आत गेली, घोडेस्वार आत गेला. आज पुन्हा सामना आहे. मला निघायला हवं.